रविवारची प्लेलिस्ट

जिमची प्लेलिस्ट, गाडीतली प्लेलिस्ट, ऑफिसात हेडफोन लावून काम उरकण्याची प्लेलिस्ट, ब्रेकअपनंतरची प्लेलिस्ट... आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये अशा चार-पाच याद्या असतातच. माझ्या फोनमध्ये आणखी एक आहे. तिचं नाव नुसतं 'रवि'. तीत बरोब्बर पाच गाणी असतात, दर आठवड्याला बदलतात आणि ती मी एकटीने ऐकण्यासाठी नसतात. रविवारी सकाळी साडेनऊला शंभर-सव्वाशे माणसं उभी राहून ती गातात. त्यात संडे स्कूलमधली चिल्लीपिल्ली असतात, आयुष्यभर नर्सिंग केलेल्या आज्या असतात, हिंजवडीत नाइट शिफ्ट मारून डोळे चोळत आलेली पोरं असतात. आणि यातल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं, की यादी आपण केली असती तर जास्त सॉलिड झाली असती!

तर मी आमच्या चर्चमध्ये उपासनेची गाणी निवडते. मराठी उपासनेची. हे सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे तुम्ही मूळचे गोव्याचे का?" नाही हो. आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून 'नगर'च. मग दुसरा प्रश्न, "पण गाणी इंग्लिशच ना?" इथे मात्र मी खुर्ची ओढून बसते, कारण उत्तर थोडं लांब आहे.

पेटी, तबला आणि एक टिळक

चर्च म्हटलं की डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातलं चर्च येतं. लांब बाकं, ऑर्गन, मेणबत्त्या आणि मागे लपलेला हिरो. आमच्याकडे बाकं आहेत, पण ऑर्गनच्या जागी पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३मध्ये मुंबईत आले, १८३१मध्ये नगरला पोचले. सुरुवातीला त्यांनी आपली गाणी आपल्याच चालींत मराठी करून दिली. ती गायची म्हणजे जीभ एकीकडे आणि सूर दुसरीकडे. इंग्रजी चालीत जोर येतो एका अक्षरावर आणि मराठी शब्द झेपावतो भलत्याच अक्षरावर. मग इथल्याच माणसांनी ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली, पदं रचली. कृष्णराव सांगळ्यांसारखे रचनाकार एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले.

आणि मग आले नारायण वामन टिळक. हो, तेच, शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ज्यांचं होतं ते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधले टिळक. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९मध्ये ते गेले. मधल्या वर्षांत या माणसाने ओव्या, अभंग, पदं असं इतकं लिहिलं, की आमचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी तेच भेटतात. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. वारकरी विठोबाला 'माउली' म्हणतात, तसंच टिळक ख्रिस्तालाही आई म्हणून हाक मारतात. माझ्या एका कलीगला मी हे ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, हे तर भजनच झालं की." मी म्हटलं, झालं काय, आहेच.

अर्थात टिळकसुद्धा पहिले नव्हेत. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१६मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! एवढं वाचूनही कुणी 'तुमची गाणी इंग्लिशच ना' म्हणालं, तर चहाचं बिल त्याने भरायचं, असा माझा नियम आहे.

पाच गाण्यांचा फंडा

बाहेरून वाटतं, काय एवढं, पाच गाणी तर निवडायचीत. गुरुवारी रात्री दहा वाजता एकदा बसून बघा.

पहिली गोष्ट, पाळकसाहेब कोणत्या वचनावर बोलणार आहेत? ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही. संदेश क्षमेवर आणि शेवटचं गीत रणभेरीचं, असं झालं तर मंडळी टाळ्या वाजवत बाहेर पडते आणि गेटपर्यंत सगळं विसरते.

दुसरी गोष्ट, कॅलेंडर. आमच्या वर्षाला स्वतःचे ऋतू आहेत. नाताळाच्या आधीचे चार रविवार वाट पाहण्याचे. त्यात नाताळची गाणी उघडायची नाहीत, मॉलमध्ये कितीही वाजू देत. लेंटमध्ये मन आवरतं घ्यायचं. वसईची माझी मैत्रीण कॅथलिक आहे. तिच्याकडे हे आणखी काटेकोर असतं. लेंटचे चाळीस दिवस 'आलेलुया' हा शब्दच गायचा नाही, तो ईस्टरलाच परत येतो. तिच्या आजोबांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये लोकभाषेला दार उघडलं आणि वसईकरांनी मराठी गाणी अशी काही उचलली, की त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आम्ही दोघी लोकलमध्ये भेटलो की एकमेकींच्या याद्या तपासतो. बाकीच्या मुली साड्यांचे फोटो दाखवतात.

तिसरी गोष्ट, पट्टी. इथे निम्मे बँडवाले फसतात. अल्बममधला गायक टेनर असतो, वरच्या सुरात मस्त तळपतो. आपली मंडळी सकाळी साडेनऊला, एक कप चहावर, तिथे पोचत नाही. पांढरी एकला सा धरला, तर वरच्या रे-च्या पुढे गेलं की हॉल गप्प होतो. फक्त स्टेजवरचे चौघं गात राहतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत राहतात. त्याला कॉन्सर्ट म्हणतात. म्हणून मी प्रत्येक नवं गाणं आधी दोन-तीन सुरांनी खाली आणते. गिटारवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

चौथी गोष्ट, 'मी' किती आणि 'आम्ही' किती. ही माझी खास टेस्ट. पाचही गाणी 'मी, माझं, मला' असली, तर शंभर माणसं एकाच खोलीत वेगवेगळी प्रार्थना करतायत असं वाटतं. दोन तरी 'आम्ही'ची हवीत.

पाचवी गोष्ट, महिन्याला एकच नवं गाणं, आणि ते लागोपाठ तीन रविवार. पहिल्या रविवारी लोक ऐकतात, दुसऱ्या रविवारी गुणगुणतात, तिसऱ्या रविवारी त्यांना वाटतं आपल्याला हे पहिल्यापासून येत होतं.

आणि हो, अर्पणाचं गीत निदान चार कडव्यांचं हवं. पिशवी मागच्या बाकापर्यंत पोचायच्या आत गाणं संपलं, तर जी शांतता पसरते ती खजिनदारांनाही सोसत नाही.

माझे टॉप फाइव्ह

'तुला स्वतःला कोणतं आवडतं?' हे कुणीच विचारत नाही, म्हणून इथे हात धुऊन घेते.

पाच : 'टेन थाउजंड रीझन्स'. मॅट रेडमन आणि योनास मिरिन, २०११. १०३व्या स्तोत्रावरून घेतलेलं. नव्या गाण्यांत मला हे आवडतं, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी धृपद येतं. शिवाय शेवटच्या कडव्यात मरणाची गोष्ट निघते. आजकालच्या गाण्यांत ती कुणी काढत नाही.

चार : 'ओशन्स'. हिलसाँगचं, २०१३चं. पेत्र पाण्यावर चालतो त्या गोष्टीवर बेतलेलं. आमच्या तरुण संघाचा जीव की प्राण. अल्बमवर ते जवळपास नऊ मिनिटं चालतं, खालच्या सुरात सुरू होतं आणि मग एकदम वरच्या सप्तकात उडी मारतं. रात्री गाडी चालवताना ऐकायला अप्रतिम. रविवारच्या यादीत? क्वचित.

तीन : 'अमेझिंग ग्रेस'. जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावर कप्तान होता. पुढे तो पाळक झाला आणि १७७३च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्याने हे लिहिलं. आज जी चाल सगळ्या जगाला पाठ आहे, ती मात्र या शब्दांना १८३५मध्ये चिकटली. म्हणजे गाणं साठेक वर्षं आपल्या चालीची वाट बघत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन : 'अबाइड विथ मी'. हेन्री लाइट यांनी १८४७मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, लिहिलेलं. चाल १८६१ची. गांधीजींचं आवडतं म्हणून 'बीटिंग रिट्रीट'मध्ये वर्षानुवर्षं वाजायचं, २०२२मध्ये ते वगळलं. त्या वर्षी आमच्याकडे जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ते गायलो. कुणी भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही. नुसतं गायलो.

एक : टिळकांचं एक पद, भैरवीतलं. नाव सांगत नाही, कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

चाल कुणाकडे आहे?

आमच्या घरातल्या 'उपासना संगीत'च्या प्रतीत फक्त शब्द आहेत. सूर नाहीत, स्वरलिपी नाही. काही गीतांवर बारीक अक्षरात 'चाल' असं लिहून त्या काळच्या एखाद्या पदाची पहिली ओळ दिलेली. शंभर वर्षांपूर्वी ती ओळ वाचली की लोकांना चाल आठवत असेल. आज ते पदही कुणाला माहीत नाही. थोडक्यात, गाण्याचा पत्ता दिलाय, पण ती गल्लीच पाडून टाकलीय.

मग या चाली आल्या कशा आमच्यापर्यंत? गळ्यातून गळ्यात. आणि आमच्या मंडळीत त्या आता मुख्यतः एका गळ्यात आहेत. पेटीवाले मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त शिक्षक. पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, खिशात तपकिरीची डबी. भेटले की अजून 'सलाम' म्हणतात, जुन्या नगरी ख्रिस्ती पद्धतीने. मास्तर पेटीवर बसले की पुस्तकाकडे बघत नाहीत. नंबर सांगा, चाल हजर. डाव्या हाताला आता कंप आहे. भाता मारताना दिसतो.

दोन वर्षांपूर्वी कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला. जुनी गीतं महिन्यातून एकाच रविवारी ठेवावीत, बाकी रविवारी बँड. कारण साधं होतं. तरुण मंडळी गळतायत. ऑडिटोरियम भाड्याने घेऊन, एलईडी स्क्रीन लावून इंग्रजी उपासना घेणारी चर्चेस शहरात आहेत. तिथे पार्किंग आहे, कॉफी आहे, ड्रमसेट काचेच्या खोलीत आहे. आमच्याकडे डासांची अगरबत्ती आहे. आमची सहा-सात पोरं तिकडे गेली, त्यात माझा सख्खा भाऊही होता. मला त्याचा राग आला नाही. तो तिथे डोळे मिटून गातो, हे मी स्वतः जाऊन पाहिलंय. आमच्याकडे तो घड्याळ बघायचा.

म्हणजे ठराव मांडणारे काही दुष्ट नव्हते. आणि विरोध करणाऱ्यांकडेही फक्त 'आमच्या वेळी' एवढंच होतं. त्यावर मतं मागितली की हरणार, हे दिसत होतं. मला विचारलं, "गाणी तू निवडतेस, तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, सहा महिने द्या. पाचातली दोन जुनी राहतील, पण ती पोरं वाजवतील.

हॉलमधला गोंधळ

पहिल्या शनिवारच्या प्रॅक्टिसला डोक्याला शॉट! ते भैरवीचं पद काढलं. मास्तरांनी दोन ओळी गायल्या. गिटारवाल्याने कॅपो लावला, काढला, पुन्हा लावला. भैरवीचा कोमल रे आला, की त्याची कॉर्ड आणि मास्तरांची पेटी यांची टक्कर व्हायची. "दीदी, या गाण्याला कॉर्डच नाहीत," तो वैतागून म्हणाला. मास्तर शांतपणे म्हणाले, "बाळा, सगळ्या जागा भरायच्या नसतात. षड्ज-पंचम धर आणि गप्प बस." त्याने तेवढंच धरलं. दोनच तारा, तंबोऱ्यासारख्या. कहोनवाल्या मुलाला मास्तरांनी भजनी ठेका तोंडाने म्हणून दाखवला. तो इंजिनिअरिंगला आहे, त्याने आठ मात्रा वहीत चौकोन पाडून लिहून घेतल्या.

चौथ्या रविवारी ते पद मंडळीत गायलं. चमत्कार वगैरे झाला नाही, अशा गोष्टी फक्त मासिकांत होतात. दोन ठिकाणी ठेका घसरला. पण तिसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरच्या आज्या पुस्तक न बघता गायला लागल्या आणि पुढे उभ्या असलेल्या पोरांनी वळून बघितलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं, की हे गाणं या बायकांना तोंडपाठ आहे. संपल्यावर गिटारवाला मला म्हणाला, "हे अनप्लग्ड एकदम कूल वाटतं, यार." टिळकांना 'कूल' हे सर्टिफिकेट मिळायला शंभर वर्षं लागली, पण मिळालं.

तेव्हापासून शनिवारी प्रॅक्टिसच्या आधी एक तास मी मास्तरांच्या घरी जाते. फोन पेटीपासून हातभर लांब ठेवायचा, एका गीताची चाल दोनदा गाऊन घ्यायची. एकदा सावकाश, एकदा खऱ्या लयीत. मग पट्टी आणि ताल लिहून ठेवायचा. मास्तरांना येणाऱ्या चालींची यादी आम्ही केली, ती चौसष्टवर थांबली. बेचाळीस रेकॉर्ड झाल्यात. उरलेल्या बावीस मी मनात सारख्या मोजते. पावसात त्यांना दमा होतो, तेव्हा दोन-दोन शनिवार कोरडे जातात आणि मी आकडा घेऊन बसते. टिळकांच्या शब्दांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही, पुस्तक कपाटात सुरक्षित आहे. हरवू शकते ती फक्त चाल. 'अमेझिंग ग्रेस'ला साठ वर्षांनी चाल मिळाली, हे खरं. पण मिळालेली चाल हरवली, तर तीच परत कशी मिळणार?

आजींची चिठ्ठी

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची एक पद्धत आहे. आपल्या मातीला कोणती गीतं म्हणायची, ते पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवतात. दुसऱ्या बाकावरच्या एक आजी त्याच्याही पुढे आहेत. त्या दर नाताळात माझ्या हातात चिठ्ठी देतात, यादी अपडेट करून! मागच्या वर्षी एक गीत काढलं, कारण "त्या दुसरीच्या मयताला फार रडकं म्हटलं तुम्ही." यंदा त्यांनी तेच भैरवीचं पद घातलंय. खाली दोनदा अधोरेखित, 'जुन्या चालीत.'

मी त्यांना सांगितलं, "आजी, चाल रेकॉर्ड केलीये, काळजी नका करू." त्यांनी ऐकायला मागितली. मास्तरांचा आवाज फोनमधून आला, दोन ओळी झाल्या आणि आजींनी हात वर केला.

"थांबव गं. दुसऱ्या ओळीला मास्तर चुकतोय. तिथे सूर खाली येतो. आमच्या आईने असं म्हटलेलं नाही."

आणि वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, चर्चच्या पायरीवर बसून, त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली. खरंच वेगळी होती. जास्त साधी आणि जास्त गोड. मी तीही रेकॉर्ड केली. मास्तरांना ऐकवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तपकिरीची चिमूट घेऊन म्हणाले, "ही राहुरीकडची चाल. मला ठाऊक नव्हती. लिही, त्रेचाळीस."

थोडक्यात, यादी आता चौसष्टवर नाही. पासष्ट झालीय आणि आणखी कुणाकुणाकडे काय काय आहे, देव जाणे. कमिटीचे सहा महिने कधीच उलटले. ठराव पुन्हा कुणी काढलेला नाही, मीही आठवण करून दिलेली नाही. भाऊ महिन्यातून एकदा आमच्याकडे येतो. कहोन वाजवतो म्हणतो, अजून वाजवलेला नाही.

तुमच्या घरात चर्च नसेल, पण आरती असेल, ओवी असेल, मर्सिया असेल, बुद्धवंदना असेल. आणि ती म्हणणारं एखादं माणूस असेल, ज्याला पुस्तक लागत नाही. फोनमध्ये जागा कमी असेल, तर त्या ब्रेकअपच्या प्लेलिस्टमधली चार गाणी उडवा. ती परत मिळतील.

आज गुरुवार. या रविवारचा संदेश हरवलेल्या मेंढरावर आहे. चार गाणी ठरलीत. पाचव्यासाठी पोरांच्या ग्रुपवर जोरात मारामारी चाललीय आणि मी आत्ता तिकडेच निघालेय.